कोर्टाच्या टेबलावरचं पागोटं

तुम्ही त्या दिवशी वाशीमच्या चौकात होता की नव्हता? उगाच इकडंतिकडं पाहू नका, तुम्हालाच विचारतोय. आठवडी बाजार, कापसाचा हंगाम, दुपारचे दोन. चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. मग एवढ्या माणसांत पाहणारा एकही कसा सापडत नाही? ज्याला विचारावं तो म्हणतो, "मी पाठमोरा होतो." बांगड्यावाला पाठमोरा, गूळवाला पाठमोरा, भजी तळणाराही कढईला पाठ करून उभा होता म्हणे! सगळा बाजार एकाच क्षणी एकाच बाजूला तोंड करून उभा राहतो, अशी एकजूट या गावात दुसऱ्या कुठल्या कामाला मी तरी पाहिलेली नाही.

म्हणून फुलसिंगाची हकीकत लिहायची. ऐकायला वेळ नाही असं म्हणू नका. भजी खायला होता.

फुलसिंग म्हणजे अनसिंगच्या रस्त्याला लागून जो तांडा आहे, सोमला नायकाचा, तिथला बंडीवाला, म्हणजे बैलगाडी हाकणारा. वय असेल पस्तीस. त्याचा आजा पाठीवर गोण्या लादलेले बैल घेऊन मुलूख फिरायचा. आगगाडी आली आणि त्या बैलांच्या पाठी रिकाम्या झाल्या. बापानं मग एक बंडी केली आणि गावोगावचा कापूस वाशीमच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, आणून टाकायचं काम धरलं. बाप गेल्यावर कासरा फुलसिंगाच्या हातात आला. दिवाळीनंतर तो तांड्यातून निघायचा तो थेट शिमग्याला परत. आज कारंज्याकडं, उद्या पुसदकडं, जिथून बोलावणं येईल तिथं. रस्ता हेच त्याचं शेत, असं म्हटलं तर त्याला आवडायचं.

त्याच्या बैलांची नावं मोऱ्या आणि कवड्या. बंडीला तुतारी, म्हणजे टोकाला आर असलेली काठी, होती, पण तिचं टोक त्यानं कधी बैलाच्या अंगाला लावलं नाही. बोलायचा त्यांच्याशी. उतार आला की म्हणायचा, "बाप्पाहो, सबुरीनं." दुसरे बंडीवाले हसायचे. "फुलसिंग, बैलाले बाप म्हनतं, मंग बापाले काय म्हनत होता बे?" तो म्हणायचा, "बाप लाथा मारे. हे मारत नाई."

आता चौकाचं सांगतो, कारण सगळं तिथंच अडकलं आहे.

चौकात तीन रस्ते मिळतात. एक बाजाराकडून येतो, एक जिनाकडं जातो आणि तिसरा स्टेशनाकडून उतारानं खाली येतो. दोन वर्षांमागं हंगामात तिथं बंड्यांची अशी काही कोंडी झाली की दोन बैलांची शिंगं मोडली. तेव्हापासून कापसाच्या दिवसांत चौकाच्या मध्ये एक दगडी चौथरा करून त्यावर पोलीस शिपाई उभा करायला लागले. जगदेव त्याचं नाव. त्यानं पहिल्या दिवशी सगळ्या बंडीवाल्यांना गोळा करून सांगितलं, "तळहात तुमच्या इकडे दिसला का थांबा. हात हालवला का निंघा. इसरलं तं चालान."

बंडीवाल्यांनी जगदेवला मनात शिव्या दिल्या. फुलसिंगानं ते काम म्हणून घेतलं. तांड्यामागच्या पडीत जमिनीवर त्यानं आपल्या बायकोला, चंदाबाईला, एका धोंड्यावर उभं केलं आणि सांगितलं, तळहात दाखव. तिनं हात उभा केला की हा कासरा ओढायचा, बैल थांबले की त्यांना मूठभर सरकी. हंगामाचे आठ दिवस मोडून हा खेळ चालला. पाणी घेऊन जाणाऱ्या बायका थांबून पाहायच्या.

"चंदा, तू शिपाई कवा झाली वं?"

"पगार भेटत नाई, पन हुकूम चालते माहा!" ती धोंड्यावरूनच म्हणायची.

नवव्या दिवशी फुलसिंगानं कासरा सैल सोडला. चंदाबाईनं हात उभा केला आणि मोऱ्या-कवड्या आपसूक थांबले. तेव्हापासून वाशीमच्या चौकात त्याला कासरा ओढावा लागत नसे. जगदेवसुद्धा त्याच्या बंडीकडं बोट दाखवून इतरांना म्हणायचा, "पाहा रे, बैलाले कयते, तुमाले कयत नाई." हे जगदेवनंच म्हटलेलं आहे. ध्यानात ठेवा.

सायकलवाल्यांची गोष्ट वेगळी. गावात तेव्हा पंचवीसेक सायकली असतील. सगळ्या बऱ्या घरच्या. त्या सगळ्यांची समजूत अशी की चौथऱ्यावरचा हात जनावरासाठी आहे. त्यांतला दौलतराव हे नुसतं मनात ठेवत नव्हता, घंटी वाजवत सरळ बोलून दाखवायचा. दौलतराव म्हणजे तीन गावांत जमीन असलेल्या घरचा धाकटा. थोरला भाऊ नानाजी, तो घर चालवतो, आई मनकर्णाबाई. दौलतरावाची हिरवी सायकल नवीन, दोन महिन्यांची. स्टेशनाच्या उतारावरून दोन्ही हात सोडून यायचा आणि चौथऱ्याजवळून सुसाट निघताना ओरडायचा, "जगदेव, हात खाली कर, दुखीन! हात बैलाले दाखवा लागते, सायकलीले नाई!" लोक हसायचे. जगदेवही हसायचा. एकदाही त्याला अडवलं नाही. तुम्हीही हसला असाल.

तर तो बाजाराचा दिवस. फुलसिंग सहा मण कापूस घेऊन बाजाराच्या बाजूनं चौकात आला. जगदेवचा तळहात त्याच्याकडं होता, बैल थांबले. मग जगदेव वळला. त्यानं तळहात स्टेशनाच्या रस्त्याकडं केला आणि दुसऱ्या हातानं बंडीला खूण केली, निघ. फुलसिंगानं जीभ टाळ्याला लावून आवाज केला, बैलांनी पाऊल उचललं. बंडी अर्ध्या चौकात असताना उतारावरून घंटी ऐकू आली. जगदेवचा तळहात तसाच उभा होता. हिरवी सायकल त्या हाताखालून आली आणि जुवाच्या टोकावर आदळली. दौलतराव हवेत उडून चौथऱ्याच्या कडेला पडला. गळ्याजवळचं हाड मोडलं, उजवा पाय गुडघ्याखाली मोडला. मोऱ्याच्या खांद्यावर वीतभर कातडं सोललं गेलं, पण त्याची नोंद कुठल्याच कागदात नाही.

फुलसिंगानं उडी मारली. कापसाच्या गाठोड्यावरचं पोतं काढून त्यानं दौलतरावाला त्यावर घातलं आणि आपल्याच बंडीत टाकून दवाखान्यात नेलं. रस्ताभर बैलांना म्हणत होता, "सबुरीनं, बाप्पाहो, त्याले धक्का नोका देऊ."

इथवर त्याचं काही चुकलं नव्हतं. पुढं त्यानं जे केलं ते त्याच्या तांड्याशिवाय दुसऱ्या कुणी केलं नसतं.

सोमला नायकाच्या तांड्यात एक रीत आहे. दोघांत टक्कर झाली, एकाला लागलं, तर ज्याला लागलं नाही त्यानं दुसऱ्याच्या दारात जायचं. चूक कोणाची, हे त्या दिवशी विचारायचं नाही. तांब्याभर पाणी न्यायचं, डोक्यावरचं पागोटं काढून उंबऱ्यावर ठेवायचं आणि म्हणायचं, "माह्या हातून झालं." त्या घरच्या मोठ्या बाईनं पाणी उंबऱ्यावर ओतायचं आणि पागोटं उचलून परत त्याच्या डोक्यावर ठेवायचं. झालं. चूक कोणाची ते नंतर, दुखणं बरं झाल्यावर, नायकापुढं बसून ठरवायचं. दुखणाऱ्या माणसाशी त्याच वेळी हिशेब करत बसू नये, एवढाच त्या रीतीचा अर्थ.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलसिंग दौलतरावाच्या दारात उभा. हातात तांब्या. पागोटं काढलं, उंबऱ्यावर ठेवलं, आणि पाचपन्नास माणसं समाचाराला जमलेली असताना मोठ्यानं म्हणाला, "माह्या हातून झालं."

मनकर्णाबाई बाहेर आल्या. म्हाताऱ्या बाईला कुणी न सांगता ते समजलं. तिनं तांब्या घेतला, पाणी उंबऱ्यावर ओतलं. पागोट्याकडं हात नेला तोच आतून नानाजीचा आवाज आला.

"आई, हात नोको लावू त्याले!"

मनकर्णाबाईचा हात तिथंच थांबला. नानाजी बाहेर आला. पागोट्याकडं पाहिलं, जमलेल्या माणसांकडं पाहिलं. "आयकलं ना साऱ्याईनं? काय म्हनला हा?"

लोक म्हणाले, "आयकलं."

त्या वेळी मात्र एकही माणूस पाठमोरा नव्हता.

फुलसिंग बोडक्या डोक्यानं तांड्यात परत आला. संध्याकाळी शिपाई आले. बेदरकारपणे बंडी हाकून माणसाला जबर दुखापत केली, असा गुन्हा. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सोमला नायकानं जामीन दिला म्हणून त्याला सोडलं. पण तालुक्याबाहेर जायचं नाही. बंडी ठाण्याच्या अंगणात जप्त. बैल तेवढे परत दिले, कारण बैलांना चारा घालायला ठाण्यात कोणी तयार नव्हतं. ज्या माणसाचं शेत रस्ता होता त्याला आता दोन बैल होते, बंडी नव्हती आणि तालुक्याची शीव ओलांडायची सोय नव्हती.

वकील मिळाला. म्हातारा, खोकणारा, पण कागद नीट वाचणारा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"तू पोलिसांपुढं 'माझ्या हातून झालं' म्हटलं असतंस तर कोर्टानं ते मानलं नसतं," वकील म्हणाला. "पोलिसाला दिलेली कबुली कायदा धरत नाही. पण तू गावापुढं म्हणालास. ती धरतात."

फुलसिंगाला वाटलं वकील थट्टा करतो आहे. "म्हंजे शिपायापुढे बोलतो तं वाचतो, आन् दुखल्या मानसापुढे बोललो म्हनून फसलो?"

"तसंच."

"कोन्या येड्यानं केला हा कायदा?"

"हळू बोल," वकील म्हणाला. "कोर्टाच्या आवारात आहेस."

कैदेचं भय फुलसिंगाला फारसं नव्हतं. त्याला भय होतं ते वहीचं. ठाण्यात एक वही आहे. तांड्यातल्या माणसाला एकदा शिक्षा झाली की त्याचं नाव त्या वहीत जातं, आणि मग रोज दिवेलागणीला शिपाई त्याच्या झोपडीपुढं येऊन नावानं हाक मारतो. त्यानं आतून बाहेर यायचं आणि "हाजीर" म्हणायचं. एक दिवस चुकला की पुन्हा आत. फुलसिंगाचा थोरला भाऊ सेवालाल, त्याचं नाव सहा वर्षांपासून वहीत आहे. जंगलातून एक भारा लाकूड आणला होता, एवढंच. बहीण कामरगावला दिलेली, ती वारली तेव्हा सेवालाल मातीला जाऊ शकला नाही, कारण परत यायला दिवस बुडाला असता. आता तर त्याची अशी गत आहे की बोलता बोलता सूर्य कलला की त्याचे पाय आपोआप झोपडीकडं वळतात. समोरचा माणूस अर्ध्या वाक्यावर राहतो. पोरं त्याच्या मागं "हाजीर! हाजीर!" ओरडत पळतात, आणि तो त्यांनाही रागवत नाही.

फुलसिंग रोज हे पाहत होता. शिक्षा दंडाची झाली काय आणि एका दिवसाच्या कैदेची झाली काय, नाव वहीत जाणारच. आणि एकदा नाव गेलं की कारंजा नाही, पुसद नाही, हंगाम नाही. सूर्य कलला की झोपडी.

तारखा सुरू झाल्या. पहिल्या तारखेला तो कोर्टात शिरला आणि दारातच थबकला. साहेबांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर त्याचं पागोटं होतं. लाल, कडेला चंदाबाईनं कवड्या शिवलेलं. त्याला सुतळीनं चिठ्ठी बांधली होती, त्यावर आकडा. नानाजीनं ते पुरावा म्हणून दाखल केलं होतं. फुलसिंगाचा हात आपसूक डोक्यावर गेला. तांड्याच्या रीतीनं ते पागोटं अजून त्या उंबऱ्यावरच होतं; कुणी उचलून त्याच्या डोक्यावर ठेवेपर्यंत दुसरं बांधायचं नाही. माघाच्या थंडीतही तो बोडक्यानं फिरत होता. कोर्टाचा पट्टेवाला त्याला म्हणाला, "टोपी घाल ना बे, चार आन्याची येते." फुलसिंग म्हणाला, "मले टोपी नाई पायजे, माहं डोकं पायजे."

सरकारी बाजूच्या वकिलानं पहिल्या दिवशी मोठा मुद्दा काढला. म्हणाला, सायकल ही पायांच्या बळानं चालते, तेव्हा ती पायी चालणाऱ्या माणसासारखी धरावी. पायी माणसाला कोणी हात दाखवून थांबवत नाही. कोर्टात हशा झाला. मॅजिस्ट्रेटसाहेब हसले नाहीत. ते म्हणाले, सायकल हे वाहनच. सायकलवाल्यालाही शिपायाचा हात मानावा लागेल. हात त्याच्याकडं असताना तो घुसला असेल तर त्याच्या दुखापतीची जबाबदारी त्याचीच. बंडीवाल्याला धरता येणार नाही. उलट हात बंडीकडं असताना बंडी हलली असेल तर दोष बंडीवाल्याचा. प्रश्न एवढाच आहे, की शिपायाचा तळहात कोणाकडं होता.

फुलसिंगाला इतकं बरं वाटलं की त्यानं हात जोडले. एवढा सोपा प्रश्न! याचं उत्तर तर सगळ्या बाजाराला ठाऊक.

मग जगदेव शिपाई पिंजऱ्यात आला. त्यानं शपथ घेतली. फुलसिंगाच्या वकिलानं विचारलं, तळहात कोणाकडं?

जगदेव टेबलाच्या पायाकडं पाहत म्हणाला, "बंडीकडे."

"या माणसाचे बैल तळहाताला थांबतात, असं तूच लोकांना सांगत होतास ना?"

"याद नाई."

का खोटं बोलला, हे मी सांगू? दौलतराव हाताखालून रोज जात होता आणि जगदेव रोज हसत होता. आज खरं सांगितलं तर साहेब पहिला प्रश्न करणार, मग आधी का नाही अडवलंस? नोकरी कुणाची जाईल? शिवाय नानाजीच्या ओट्यावर ठाण्याचे मोठे लोक चहाला बसतात, हे वाशीमच्या कुत्र्यांनाही माहीत आहे.

वकिलानं शेवटचा डाव टाकला. म्हणाला, साहेब, बैल बाहेर आहेत. या आवारात कुणीही हात दाखवावा. बैल थांबले तर हा माणूस खरा. साहेब ओसरीवर आले नाहीत. पण बाहेर कोर्टाच्या आवारात एका शेजाऱ्याच्या बंडीला मोऱ्या-कवड्या जुंपले होते, आणि त्या पट्टेवाल्यानं, ज्यानं टोपीची गोष्ट केली होती, त्यानं गंमत म्हणून तळहात उभा केला. बैल थांबले. त्यानं हात हलवला, बैल चालले. पुन्हा उभा केला, पुन्हा थांबले. सगळं आवार हसून हसून लोटपोट झालं. आत साहेबांनी विचारलं, काय आहे? सांगितलं. साहेब म्हणाले, "बैलाची साक्ष कायद्यात नाही," आणि पुढची तारीख दिली.

पट्टेवाला फुलसिंगाजवळ येऊन म्हणाला, "बाप्पा, तुहे बैल तं लय शाने हायेत."

"हो," फुलसिंग म्हणाला. "त्याहिलेच बोलता येत नाई."

मग तो साक्षीदार शोधायला निघाला. बांगड्यावाल्याकडं गेला, गूळवाल्याकडं गेला, भजीवाल्याकडं गेला. काय झालं ते वर सांगितलंच आहे. भजीवाल्यानं तर त्याला भजी दिली, पैसे घेतले नाहीत आणि म्हणाला, "भाऊ, मले पोरंबाळं हायेत." फुलसिंगानं भजी तशीच खाली ठेवली.

चंदाबाई गप्प बसणारी नव्हती. लाकडाची मोळी घेऊन ती दौलतरावाच्या घरी मागच्या दारानं गेली. मनकर्णाबाई एकट्याच होत्या. चंदाबाईनं मोळी उतरवली आणि सरळ विचारलं, "माय, तुमी पानी ओतलं का नाई?"

"ओतलं वं बाई."

"मंग पागोटं?"

म्हाताऱ्या बाईनं हातातला झाडू जमिनीवर टेकवला. "मी तं उचलून राह्यली होती. माह्यासाठी झगडा थ्याच दिवशी सरला. दौलतबी समजते. पायाच्या दुखन्यानं कन्हत होता तवा मले म्हने, आई, मीच घुसलो. आता नानाच्या धाकानं बोलत नाई."

"कोरटात येऊन सांगा, माय. लेकरावानी पाया पडतो."

"या घरची बाई आजवर हाटाले गेली नाई, कोरटात कशी जाईन? नाना मले या घरात राहू देईन का?" मनकर्णाबाईनं इकडंतिकडं पाहिलं, पदराखालून भाकरी काढून चंदाबाईच्या हातात कोंबली. "जाय. कोनी येईन."

चंदाबाईनं येऊन हे सांगितलं तेव्हा फुलसिंग बैलांपुढं वैरण टाकत होता. तो एवढंच म्हणाला, "थे मायबी वहीतच हाये मंग."

मागच्या तारखेला नानाजी स्वतः त्याच्याजवळ आला. कोर्टाच्या आवारात, विहिरीच्या कडेला. आवाज असा मऊ की कोणालाही वाटावं हा फुलसिंगाचा सोयरा आहे.

"फुलसिंग, कायले एवढा तानून राह्यला? कबूल म्हन. साहेब दंड करतीन, दंड आमी भरतो. बंडी आजच सुटते. आन् तुहं थे पागोटं, मी सोता आनून देतो तुले. संध्याकायी तांड्यात."

फुलसिंगानं विचारलं, "आन् वही?"

"वही काय, सरकारी काम हाये. थे चालतच राह्यते."

नायक सोमला बाजूला उभा होता. त्यानंही हळूच म्हटलं, "लेका, बंडी तं भेटीन." वकील नुसता खोकला. चंदाबाई त्याच्या बोडक्या डोक्याकडं पाहत होती.

तेवढ्यात दौलतराव काठी टेकत आला. पाय ओढत चालत होता. तो फुलसिंगासमोरून गेला आणि मान वर केली नाही. फुलसिंगाला त्या पायाची कीव आली. पुढं होऊन त्याला पायरी चढायला हात द्यावा असं त्याला वाटलं. हात उचललाही. मग आठवलं, मागच्या वेळी हाच हात दिला होता.

पुकारा झाला. साहेबांनी विचारलं, "आरोपी, तुला काही सांगायचं आहे? गुन्हा कबूल आहे?"

फुलसिंगानं टेबलावरच्या पागोट्याकडं पाहिलं. चिठ्ठी मळली होती.

"नाई, सायेब."

"पण तू यांच्या दारात जाऊन म्हणालास ना, माझ्या हातून झालं?"

"म्हनलो, सायेब. थे दुखल्या मानसाले म्हनलो. कोरटाले नाई म्हनलो. आजबी त्याचा पाय दुखून राह्यला, तं आजबी त्याले म्हनीन. पन तुमी पुसता, हात कोनाकडे होता. हात त्याच्याकडे होता. थो थांबला नाई."

कोर्टात कुणीतरी हसलं. फुलसिंग तिकडं वळला नाही. नानाजीचं तोंड लाल झालं. दौलतरावानं पहिल्यांदा मान वर केली, पागोट्याकडं पाहिलं, आणि परत खाली घातली.

साहेबांनी चष्मा काढला. "हे तू म्हणतोस. शिपाई उलट म्हणतो. पाहणारा कुणी आहे?"

वकील म्हणाला, "एक तारीख मिळावी."

साहेबांनी एक तारीख दिली. एकच. त्या दिवशी कोणी आलं नाही तर निकाल.

फुलसिंग बाहेर आला. सूर्य कलला होता. सेवालाल बरोबर आला होता. तो बोलता बोलता थांबला आणि तांड्याच्या दिशेनं चालू लागला, कोणाला न सांगता. फुलसिंग त्याच्या पाठीकडं पाहत उभा राहिला. मग आवारात बांधलेल्या बैलांच्या वेसणी धरून तोही निघाला, मोकळे बैल घेऊन, बंडीशिवाय. चौकात आल्यावर जगदेव चौथऱ्यावर उभा होता. त्याचा तळहात यांच्याकडं होता. मोऱ्या आणि कवड्या थांबले. फुलसिंगही थांबला. जगदेवनं मान दुसरीकडं वळवली आणि कितीतरी वेळ हात हलवलाच नाही. मागं लोक गोळा झाले, ओरडू लागले, कुणी बाजूनं निघूनही गेलं. फुलसिंग बैलांसकट तिथंच उभा होता.

तारीख येत्या मंगळवारी आहे. वाशीमचं मॅजिस्ट्रेट कोर्ट, अकराचा पुकारा. तुम्हाला कायदा येत नाही, चालेल. तुम्हाला भीती वाटते, तेही समजतं. मनकर्णाबाईलाही वाटते, आणि तिला घराबाहेर पाऊल टाकायची मुभा नाही. तुम्हाला आहे. फुलसिंगासाठी खोटं बोलू नका. त्याची स्तुती करू नका. नानाजीला शिव्या देऊ नका, ते काम माझ्याकडं राहू द्या. त्या दिवशी दुपारी दोन वाजता भजी खाताना तुम्ही ज्या बाजूला तोंड करून उभे होता, त्याच बाजूला तोंड करून पिंजऱ्यात उभे राहा, आणि जगदेवचा तळहात कोणाकडं होता तेवढं साहेबांना सांगा. मंगळवारी या.